दोन ट्रॉम्बोन आणि मागचं दार

वरातीत ट्रॉम्बोनवाल्याकडं कुणी बघत नाही. लोक नवरदेवाकडं बघतात, घोडीकडं बघतात, फार तर बँडमास्तरच्या ट्रंपेटकडं. आम्हाला मात्र सगळ्यांत पुढं चालावं लागतं आणि तो काही मान नव्हे. या वाजंत्राची लांब नळी सारखी पुढं-मागं सरकते. मधल्या रांगेत उभं केलं तर पुढच्याच्या टाळक्यात बसते, म्हणून पुढं.

बाकीच्या वाजंत्रांना बटणं असतात. बटण दाबलं की ठरलेला सूर निघतो. ट्रॉम्बोनला बटण नाही. ओठ आवळून फुंकायचं, हात लांबवायचा आणि सूर जिथं असेल तिथं जाऊन तो गाठायचा. घरात बसून हे जमतं. आपल्या शहराच्या रस्त्यावरून चालताना पाय खड्ड्यात गेला की सूरही खड्ड्यात जातो. त्यात समोर नाचणारे. एका नवरदेवाचा मामा एकदा नाचत नाचत उलटा माझ्या अंगावर आला आणि नळी त्याच्या कानशिलात बसली. वरात थांबली. "बँडवाल्यानं मारलं" म्हणून दोन्हीकडचे लोक गोळा झाले. शेवटी मामाच म्हणाला, "जाऊ द्या, पण तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवा." आमच्या धंद्यात न्याय असा होतो.

आमचं घराणं अजिंठ्याकडचं, मेंढ्या राखणारं. मी शहरात आलो आणि करीमभाईंच्या बँडमध्ये लागलो. करीमभाई ट्रंपेट वाजवायचे आणि बँड त्यांचाच. ट्रॉम्बोन मला त्यांनीच दिला, कारण माझे हात लांब होते. बाकी काही पात्रता त्यांनी विचारली नाही. पुढं डीजे आला, बँडची लग्नं कमी झाली, पोरं सोडून गेली. मी टिकलो. आता गुडघे चालू देत नाहीत म्हणून घरी बसलोय. या धंद्यातलं एकच काही लिही म्हणलं तर मी क्लाईव्ह साहेबांचं लिहीन.

त्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात पितळ पुसत बसलो होतो. संध्याकाळी बायपासच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. दुकानासमोर रिक्षा थांबली आणि एक उंच, काळे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उतरले. त्यांनी दाराला टांगलेल्या माझ्या ट्रॉम्बोनकडं बोट केलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

करीमभाई हसले. "सुदाम, देख तो. अपनी बिरादरीका दिखता."

त्यांच्या रिक्षातही एक लांबट पेटी होती. त्यांनी ती उघडली. आत ट्रॉम्बोन. माझ्यापेक्षा जुना, जागोजागी पोचे पडलेला, पण नळी अशी सरकत होती की जणू लोण्यातून.

आमचं इंग्रजी म्हणजे 'थँक्यू' आणि 'नो पार्किंग'. मी माझ्या मुलीला, रेणूला, फोन लावला. ती गारखेड्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. शाळा सुटल्यावर ती दुकानात आली, चहा आला आणि तिच्या तोंडून आम्हाला क्लाईव्ह साहेबांची गोष्ट कळली.

ते जन्मले त्रिनिदादला. समुद्रातलं एक बेट आहे, तिकडं अमेरिकेच्या खाली. आई लोकांचे कपडे धुवायची. गल्लीत एका बाजूला यांच्यासारखे काळे लोक आणि दुसऱ्या बाजूला उसाच्या मळ्यांत कामाला नेलेल्या आपल्या लोकांची नातवंडं. लग्नात आणि मोहरमला तिकडं ताशा वाजतो. शब्दही तोच, 'तासा'. ते ऐकून करीमभाईंनी कोपऱ्यातला ताशा पुढं ओढला आणि चार ठोके मारले. क्लाईव्ह साहेबांनी डोळे मिटले आणि पुढचे ठोके त्यांनी टेबलावर बोटांनी मारले.

ट्रॉम्बोन त्यांना थोरल्या भावाकडून मिळाला. उत्सवात लॉरीवर उभं राहून वाजवता वाजवता ते जहाजावरच्या वाद्यवृंदात गेले आणि जहाज सोडून लंडनला उतरले. तिथं जॅझ. मी रेणूला म्हणलं, "त्यांना विचार, जॅझ म्हंजी नेमकं काय?"

त्यांनी विचार करून सांगितलं, ते असं. तुम्ही लग्नात गाणं जसंच्या तसं वाजवता. आम्ही गाणं एकदा सांगतो, मग प्रत्येक जण त्याच गाण्यावर आपल्या मनातलं बोलतो. दुसरा बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं आणि त्याला पडू द्यायचं नाही.

"लई अवघड काम हाय," मी म्हणलं.

"वाजवणं सोपंय," ते म्हणाले, "ऐकणं अवघड."

मोठमोठ्या गवयांच्या मागं त्यांनी उभं आयुष्य वाजवलं. तबकड्या निघाल्या, पण वेष्टनावर त्यांचं नाव क्वचितच आलं. एका क्लबात तर वाजवायला पुढच्या दारानं आणि जेवायला मागच्या दारानं, असा नियम होता. करीमभाई म्हणाले, "ये तो हमारा भी है. फरक इतना, हमको तो वाजवायला पण पुढच्या दारातून आत घेत नाहीत." सगळे हसले.

मग साहेबांनी शर्टाचं बटण सोडून छातीवरचा लांब वण दाखवला. फुप्फुसाचा एक तुकडा काढलेला. डॉक्टरनं सांगितलं होतं, वाजवायचं तर हळू, थोडं, आणि दम लागला की थांबायचं. दुसऱ्या दिवशी इथल्या एका कॉलेजात त्यांचा कार्यक्रम होता. त्यानंतर वाजवणं बंद, असं त्यांनी ठरवलं होतं. जिथनं ताशा आपल्या गल्लीत आला तो मुलूख एकदा बघायचा, म्हणून शेवटचा कार्यक्रम भारतात घेतलेला.

उठताना त्यांनी रेणूला काही विचारलं. ती माझ्याकडं बघून हसली. "आबा, ते म्हणतायत, आज संध्याकाळी मी तुमच्यासोबत येऊ का? वाजवणार नाहीत. नुसतं चालणार."

नुसतं कसलं चालतायत! करीमभाईंनी त्यांना बँडचा लाल कोट दिला. बाह्या कोपराशी येऊन थांबल्या. रेणूही दुभाषी म्हणून बरोबर निघाली. वरातीत साहेब माझ्या शेजारी चालले आणि ताशा रंगात आल्यावर पेटी उघडून हळूच माझ्या सुराखाली सूर भरायला लागले. इतका हळू, की फक्त मलाच ऐकू यावा. मी सूर चुकवला की ते खालून टेकू द्यायचे. एवढ्या वर्षांत माझ्या शेजारी दुसरा ट्रॉम्बोन कधी नव्हता.

कार्यालय मोठं होतं. पुढं कापडाची आणि प्लास्टिकच्या फुलांची उंच कमान. आत छतालाही सगळीकडं पांढरं-गुलाबी कापड ताणलेलं. मुलीचे वडील गणपतराव हर्सूलच्या पुढचे बागाईतदार. त्यांनी दारात नवरदेवाला ओवाळून घेतलं. ओवाळणी झाली की आमचं काम संपतं. आम्ही नेहमीप्रमाणं बाहेरच्या बाजूनं मागं स्वयंपाकाच्या अंगणात गेलो, पाणी प्यायला. गणपतरावांची मुलगी अर्चना रेणूची जुनी विद्यार्थिनी निघाली. "आबा, तिला भेटून येते," म्हणून रेणू आत गेली.

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पुढून ओरडा झाला.

आधी वाटलं, नवरदेव आत आला असेल. पण तो आनंदाचा ओरडा नव्हता. नवरदेवाच्या मित्रांनी कमानीखाली अनार लावले होते. ठिणगी कापडात गेली, कमान पेटली आणि जाळ छताच्या कापडावरून आत धावला. कुणीतरी वीज बंद केली. ते बरोबरच केलं, पण त्यानं आत काळोख झाला.

माणूस ज्या दारानं आत येतो, त्याच दाराकडं पळतो. सगळं लग्न पुढच्या दाराकडं पळालं आणि पुढचं दार जळत होतं. काहीजण कमानीखालून, बाजूच्या खिडक्यांतून निघाले. बाकीचे धुरात अडकले. मागं यायला वाट होती. सभागृहातून भांड्यांच्या खोलीशेजारून एक अरुंद बोळ निघायचा, मधेच वळायचा आणि आमच्या अंगणातल्या लोखंडी दारापाशी यायचा. आम्हाला तो माहीत होता, कारण आमची जेवणाची पंगत त्याच दारापाशी बसायची. पाहुण्यांना तो असल्याचंही ठाऊक नव्हतं.

आचाऱ्यानं ते दार उघडलं. आतून धुराचा लोट आला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोळाला लागून स्वयंपाकघर आहे आणि तिथं गॅसच्या टाक्या आहेत.

"टाक्या काढो! पहले टाक्या!" करीमभाई ओरडले. ताशेवाला, ढोलवाला, आचारी, सगळे टाक्या लोळवत अंगणाच्या टोकाला न्यायला लागले. मी दारात उभा राहून ओरडलो, "इकडं या! इकडं वाट हाय! रेणू!" पण आत शेकडो माणसं ओरडत होती. माझा आवाज त्यात एक आवाज.

माझ्या मागून एक जाड, लांब सूर निघाला.

क्लाईव्ह साहेब दाराच्या उंबऱ्यावर उभे होते. ट्रॉम्बोनचं तोंड बोळात घातलेलं आणि एकच सूर पूर्ण ताकदीनं धरलेला. वरातीत हळू वाजवणारा हाच माणूस, यावर विश्वास बसेना. तो आवाज भिंतींना घासत आत गेला. त्या गोंगाटात माणसाच्या आवाजासारखा नसलेला असा तो एकच आवाज होता.

थोड्या वेळानं वळणावरून एक बाई भिंत चाचपत आली. तिच्यामागं तिचा पदर धरून आणखी दोघी. त्या बाहेर पडल्या आणि मी माझा ट्रॉम्बोन उचलला.

तसा मोठा सूर धरायला फार हवा लागते. छाती भरून घेतलेला दम बघता बघता संपतो. माझा बाप वादळात, धुळीत मेंढरं आवाजावर आणायचा. तो सांगायचा, आवाज एका जागी पाहिजे आणि तुटला नाही पाहिजे, नायतर कळप फुटतो. मी साहेबांना हातानं खूण केली. ते दमाला थांबले की मी धरायचं, मी थांबलो की त्यांनी. त्यांनी मान हलवली. त्यांना मी काय सांगणार, त्यांचं आयुष्य त्यातच गेलेलं.

माणसं यायला लागली. एकमेकांचे हात धरून, खोकत, कुणी रांगत. नवरदेव आला, फेटा गेलेला. आचारी आणि ढोलवाला एकेकाला ओढून अंगणात नेत होते. प्रत्येक चेहऱ्याकडं मी बघत होतो. रेणू नव्हती. अर्चनाही नव्हती. धुरानं डोळे भरून येत होते, ओठ सुजले होते आणि मी फुंकत होतो.

गणपतराव बाहेर आले. दोन्ही हात भाजलेले. "पोरगी वरच्या खोलीत हाय," ते म्हणाले आणि परत आत वळले. करीमभाईंनी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं.

वरची खोली. म्हणजे रेणूही तिथंच.

मी ट्रॉम्बोन खाली ठेवला. साहेबांनी सूर उचलला आणि एका हातानं मला ढकललं. जा. माझं कोण आत आहे हे त्यांना कळलं होतं. तोंडाला ओला रुमाल बांधून मी बोळात शिरलो. भिंत गरम लागत होती. वळणापाशी येणाऱ्या माणसांशी अंग घासत पुढं सरकलो. "रेणू!" म्हणून हाक मारली तर धूर घशात गेला. पुढं काहीच दिसत नव्हतं.

आणि मागचा सूर थरथरला. आधी पातळ झाला, मग तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला.

समोरून येणारी माणसं जिथल्या तिथं थांबली. मला त्यांचं थांबणं अंगाला कळलं. कुणीतरी म्हणालं, "दार लागलं वाटतं!" आणि एक जण उलटा फिरून आतच निघाला.

त्या वेळी मी काय विचार केला असं लोक विचारतात. मी विचार केला नाही. पुढं माझी मुलगी होती आणि मागं तो सूर मरत होता. मी उलटा फिरलेल्या माणसाचा शर्ट धरला, त्याला दाराकडं ओढलं आणि त्याच्याबरोबर मीही दाराकडं वळलो. बापाच्या काळजाला त्यानं काय झालं ते मला लिहिता येणार नाही.

साहेब उंबऱ्यावर गुडघ्यावर बसले होते. ओठ निळे पडलेले, तरी ट्रॉम्बोन तोंडालाच. मी माझा ट्रॉम्बोन उचलला, त्यांच्या खांद्याला टेकून उभा राहिलो आणि सूर धरला. मग मी एकटाच. दम घ्यायला थांबलो की ते तेवढ्यापुरता एक तोकडा सूर काढायचे. केवढासा, पण मधली जागा भरणारा.

रेणू सगळ्यांत शेवटी आली. चुरगळलेला शालू अंगाला गुंडाळलेल्या अर्चनाला तिनं धरलं होतं, की अर्चनानं तिला, ते कळलं नाही. दोघी अंगणात पडल्या. मी वाजवतच राहिलो. करीमभाईंनी माझ्या हातातून ट्रॉम्बोन काढून घेतला. "सुदाम, बस. बस कर मियाँ. सब बाहर हैं."

तेवढ्यात अग्निशमनची गाडी आली. जीव कुणाचा गेला नाही. भाजलं मात्र बऱ्याच जणांना.

रेणूला बोलता यायला लागलं तेव्हा मी विचारलं, "माझा आवाज ओळखला का गं?"

"नाही आबा," ती म्हणाली. "ओळखायला सुचतच नव्हतं. जिना उतरताना नुसतं वाटत होतं, तिकडं हवा आहे."

क्लाईव्ह साहेबांना दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला ऑक्सिजन लावलेला. मी रेणूला म्हणलं, "त्यांना सांग, कार्यक्रम आमच्यामुळं बुडाला." खरंच बुडाला होता. त्या कॉलेजात त्यांचे साथीदार त्यांच्याशिवाय वाजवून आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एक फुंकरसुद्धा नाही. साहेबांनी रेणूचं बोलणं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात उत्तर दिलं. ती सांगताना अडखळली. "ते म्हणतायत, शेवटचं वाजवणं ऐकायला एवढी माणसं आली, आणि सगळी घरी गेली. अजून काय पाहिजे?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. ज्या माणसाचं नाव तबकडीवर आलं नाही, त्याला शेवटी एकदा दिव्याखाली उभं राहून वाजवायला मिळायला हवं होतं.

लग्न काही दिवसांनी सकाळी गणपतरावांच्या शेतात झालं. उघड्यावर, कापडाचा एक तुकडा न लावता. नवरदेवाकडच्यांनी सांगून ठेवलं होतं, वाजंत्री नको. त्यांचंही बरोबर होतं. आम्ही साध्या कपड्यांत पाहुणे म्हणून गेलो. साहेब खुर्चीत, आंब्याच्या सावलीत. गणपतरावांच्या दोन्ही हातांना पट्ट्या, त्यामुळं कन्यादानाला त्यांच्या हाताखाली त्यांच्या भावानं हात धरला.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि एकदम शांत झालं. लग्नात त्या क्षणाला शांतता नसते. लोकांना काय करावं कळेना. अर्चना मुंडावळ्या सावरत उठली आणि सरळ माझ्याकडं आली.

"काका, वाजंत्र आणलंय का?"

आणलं होतं. गाडीत होतं. का आणलं ते विचारू नका. मी जाऊन काढलं आणि ओठांना लावलं. पहिला सूर निघाला आणि मांडवाविना उभ्या त्या माणसांच्या अंगातून शहारा गेला, तो मला दिसला. एक लहान पोरगी आईच्या कमरेला बिलगून रडायला लागली. एक म्हातारी मागं बघायला लागली, दार कुठंय म्हणून. मी सूर तोडला. आयुष्यभर ज्या आवाजावर लोकांना नाचवलं, तो या लोकांसाठी आता आगीचा आवाज झाला होता.

मी ट्रॉम्बोन खाली घ्यायला लागलो. अर्चनानं नळीवर हात ठेवला.

"मला बी भ्या वाटतंय," ती म्हणाली. "वाजवा."

मी साहेबांकडं बघितलं. त्यांना भाषा कळली नव्हती, पण त्यांनी डोळे मिटून कान पुढं केला. मी हळू सुरुवात केली, अगदी हळू, आणि अर्चना माझ्यासमोर उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली.